बुश, बॉल जॉइंट आणि रथाचा प्रश्न

लहान मोटारीच्या स्टिअरिंगचे आणि सस्पेन्शनचे झिजणारे भाग वर्षानुवर्षे एकेक करून बदलत गेले आणि शेवटी मूळचा एकही उरला नाही, तर ती गाडी तीच म्हणायची की दुसरी? जुनी मारुती ८०० बाळगणाऱ्याला हा प्रश्न केवळ पुस्तकातला वाटत नाही. डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडू लागली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांतल्या अनेक गाड्या अजून पळतात, आणि त्यांच्या पुढच्या चाकांमागे कारखान्यातून आलेला रबराचा तुकडा सहसा सापडत नाही. मालक मात्र 'आमची जुनीच गाडी' म्हणतो, ओळखीचा मेकॅनिक तिला नुसत्या आवाजावरून ओळखतो, आणि दोघांचेही काही चुकत नाही. त्यांचे बरोबर का आहे, हे सांगायला गेले की अडचण सुरू होते. भारतीय तत्त्वज्ञानात या अडचणीवर हजार वर्षांहून अधिक काळ वाद झाला, आणि त्या वादात उदाहरण म्हणून पुन्हा पुन्हा उभे केले गेले ते वाहनच: रथ.

वादात शिरण्याआधी वस्तू नीट पाहिलेली बरी. मारुती ८०० च्या पुढच्या प्रत्येक चाकाला आधार असतो तो मॅकफर्सन स्ट्रटचा. आत शॉकअप आणि बाहेरून स्प्रिंग असा हा एकच उभा खांब. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या युरोपातल्या गाड्यांत आली. ती हलकी आणि स्वस्त होती, जागाही कमी खात होती, त्यामुळे जगभरच्या लहान गाड्यांनी ती उचलली. स्ट्रटचे वरचे टोक बॉनेटखालच्या पत्र्याच्या बुरुजात रबरी माउंटिंगवर बसते. खालचे टोक चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, बोल्टने आवळलेले असते. नकल बॉल जॉइंटने लोअर आर्मला जोडलेला, आणि लोअर आर्म बॉडीला जिथे मिळतो तिथे रबराचा बुश. स्टिअरिंग फिरवले की पिनियन फिरते, रॅक डावी-उजवीकडे सरकतो आणि त्याच्या दोन टोकांचे टाय रॉड चाकांना वळवतात. पॉवर स्टिअरिंग नाही. साडेसहाशे किलोंच्या आसपास वजनाच्या गाडीला त्यावाचून अडलेही नाही.

वळताना दोन्ही चाके सारखी वळून चालत नाहीत. आतल्या बाजूच्या चाकाला लहान वर्तुळ कापायचे असते, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळावे लागते. म्युनिकचे गाड्या बनवणारे कारागीर गेऑर्ग लांकेनस्पेर्गर यांनी घोडागाडीसाठी १८१७ मध्ये ही युक्ती बसवली. इंग्लंडमध्ये १८१८ साली तिचे पेटंट रुडॉल्फ आकरमान यांनी घेतले आणि नाव त्यांचेच राहिले. या भूमितीबद्दल एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्पेअर पार्टच्या दुकानात बुश मिळतो, रॅक मिळतो, टाय रॉड मिळतो. ही भूमिती मिळत नाही. ती कुठल्याही एका भागात नसते. टाय रॉडची लांबी आणि नकलच्या हाताचा कोन जमले तर ती असते. त्यातले एक बिघडले की ती नसते, बाकीचे सगळे भाग जागेवर असले तरी.

झिजतात ते मुख्यतः सांधे. लोअर आर्मचे लोखंड बहुधा टिकते. त्यातला बुश उन्हाने, तेलाने आणि खड्ड्यांच्या माराने कडक होतो, चिरतो. बॉल जॉइंटचे रबरी बूट फाटले की पावसाळ्यात चिखलपाणी आत जाते, ग्रीस धुऊन निघते आणि गोळी आपल्या वाटीत खुळखुळू लागते. शॉकअपचे सील गळते, स्प्रिंग बसते. चालवणाऱ्याला हे हळूहळू कळते, कधी कळतही नाही: स्पीडब्रेकरवर खडखड येते, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला खेचते, स्टिअरिंगला प्ले येतो. गाडी टायर खाऊ लागते, आणि टायर आतल्या कडेने खाल्ला जात असेल तर चाक काढेपर्यंत दिसतही नाही. तपासणी मात्र अगदी साधी असते. चाक जॅकवर उचलायचे. वर आणि खाली धरून हलवायचे. 'टक्' झाले तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. मग डावी-उजवीकडे धरून हलवायचे. तिथे ढिलाई असली तर बहुधा टाय रॉडचे टोक. लोअर आर्मखाली टॉमी घालून उचकटले की बुशची खरी अवस्था कळते.

ही झीज अमुक दिवशी होत नाही, ती प्रत्येक किलोमीटरला होते. धर्मकीर्तीसारख्या बौद्ध तार्किकांनी म्हटले होते की नाश बाहेरून येऊन वस्तूवर आदळत नाही. नष्ट होणे हा वस्तूचा स्वभावच आहे आणि ती क्षणोक्षणी नवी होत असते. क्षणिकवादाचे सगळे निष्कर्ष मान्य नसणाऱ्यालाही रबराच्या बाबतीत हे वर्णन नाकारणे कठीण जाते.

रथाचा प्रश्न सर्वांत प्रसिद्ध झाला तो 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथामुळे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, याचा भिक्षू नागसेनाशी झालेला संवाद त्यात आहे. नागसेन आपले नाव सांगतो आणि लगेच म्हणतो की या नावामागे कुणी कायमची व्यक्ती सापडायची नाही. राजाला ते पटत नाही. तेव्हा नागसेन त्याला विचारतो, तू इथे चालत आलास की वाहनाने? रथाने, असे उत्तर येते. मग रथ म्हणजे दांडी का, आस का, चाके का, साटा का, जू का? यांपैकी काहीच नाही. सगळे मिळून? तेही राजा नाकारतो. यांच्यावाचून वेगळे काही? तेही नाही. शेवटी राजाच कबूल करतो की दांडी, आस, चाके यांच्या आधाराने 'रथ' हे व्यवहारातले नाव चालते. नागसेनाला माणसाबद्दल नेमके हेच म्हणायचे होते.

सातव्या शतकात बौद्ध तत्त्वज्ञ चंद्रकीर्तीने 'मध्यमकावतारा'त हीच चौकशी सात अंगांनी केली. रथ भागांहून वेगळा नाही आणि भागांशी एकरूपही नाही. तो भागांचा धनी नाही, भागांत नाही, भाग त्याच्यात नाहीत. नुसता ढीग म्हणजे रथ नव्हे. आणि आकार म्हणजेही रथ नव्हे. शेवटची दोन अंगे गॅरेजच्या सर्वांत जवळची आहेत. भाग सुटे करून अंगणात रचले तर ढीग तोच, रथ नाही, हे कुणीही मान्य करील. पण आकार का नाही? चंद्रकीर्तीचा युक्तिवाद असा की आकार सुट्या भागांचा म्हणावा तर सुटे असतानाही चाकाचा आकार तोच होता, आणि समूहाचा म्हणावा तर समूह ही स्वतंत्र वस्तूच नाही. शोधायला गेले तर रथ सापडत नाही. लोकव्यवहारात मात्र तो चालतो आणि माणसे वाहतो. हा 'मात्र' चंद्रकीर्तीने मनापासून लिहिला आहे, आणि त्याच्यावर शून्यवादी म्हणून टीका करणारे बहुधा तोच विसरतात.

न्यायदर्शनाच्या पंडितांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नव्हते. त्यांच्या मते अवयव वेगळे आणि अवयवी वेगळा; संपूर्ण वस्तू ही आपल्या भागांत समवायाने, म्हणजे न तुटणाऱ्या संबंधाने, राहणारी, पण त्यांच्याहून निराळी, खरीखुरी वस्तू आहे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात यासाठी जो पुरावा दिला आहे तो स्टिअरिंग आणि सस्पेन्शनवर काम करणाऱ्याला चटकन पटेल: धारण आणि आकर्षण. वस्तूचा एक भाग धरला की सगळी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की सगळी ओढली जाते. नुसत्या ढिगाचे तसे होत नाही. स्टिअरिंगची कड बोटभर ओढली की साडेसहाशे किलोंची गाडी माणसांसकट वळते. गाडी नावाची एक वस्तू आहे, याचा याहून रोखठोक पुरावा मागणे कठीण.

तरीही न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन या पुराव्यावर थांबत नाही, आणि इथे त्याचा प्रामाणिकपणा मोठा वाटतो. आपल्याच पक्षाचा युक्तिवाद तो तपासायला घेतो. तो म्हणतो, धारण आणि आकर्षण अवयवीमुळे होत असेल तर ते धुळीच्या ढिगातही दिसायला हवे. ते होते 'संग्रहा'मुळे, म्हणजे भागांना एकत्र धरून ठेवणाऱ्या एका वेगळ्या गुणामुळे. कच्च्या घड्यात तो पाण्याने येतो, भाजलेल्या घड्यात अग्नीने. अवयवी आहेच, पण त्याचा पुरावा दुसरीकडे शोधावा लागेल. एवढे बारकाईने पाहणाऱ्या माणसासमोर मॅकफर्सन स्ट्रट उघडून ठेवता आला असता तर त्याने सर्वांत आधी बुश आणि बॉल जॉइंट यांच्यावर बोट ठेवले असते. संग्रहाचे काम करणारे भाग तेच, आणि सर्वांत लवकर झिजणारे भागही तेच.

अवयवीवाद्यांची खरी पंचाईत दुरुस्तीत होते. कापडातले काही धागे काढले तर जुने कापड नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे नवे, खंडित कापड उत्पन्न होते, असे त्यांना मानावे लागले. वैशेषिक तर घडा भाजतानाही परमाणूंपर्यंत फुटतो आणि पुन्हा जुळतो असे म्हणत. नैयायिकांनी तेवढे मानले नाही. या हिशेबाने बुश बदलला की जुनी गाडी संपली आणि नवी जन्मली. 'तीच गाडी' ही ओळख मग सादृश्याने झालेली समजूत ठरते. सिद्धान्ताला धरून हे उत्तर सुसंगत आहे, पण दुरुस्ती करणारा माणूस प्रत्यक्षात काय करतो ते त्यातून निसटते.

टाय रॉडचे टोक बदलण्याचे काम पाहावे. जुने टोक काढण्याआधी चांगला मेकॅनिक चेक नट जरासा सैल करतो आणि टाय रॉडवर खुणेची रेघ मारतो, किंवा टोक उलटे फिरवताना आटे मोजतो. समजा, ते सोळा फेऱ्यांत सुटले. नवे टोक तो तितक्याच फेऱ्या आत घेतो. जुने लोखंड भंगारात गेले, नव्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. टाय रॉडची लांबी मात्र जवळजवळ पूर्वीइतकी राहिली. पुढे अलाइनमेंटच्या यंत्रावर टो, म्हणजे दोन्ही चाकांच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधल्या अंतरांतला फरक, मिलिमीटरच्या हिशेबात जुळवला जातो आणि चेक नट आवळला जातो. या कामात जुन्या गाडीतून पुढे काय आले असेल, तर एक माप. भागांपैकी काही आले नाही, नावाने तर काहीच केले नाही.

बुश बसवताना हेच अधिक ठळकपणे दिसते. नवा बुश लोअर आर्ममध्ये दाबून बसवला तरी त्याचा बोल्ट गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असताना शेवटपर्यंत आवळायचा नसतो. तसे केले तर गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते, त्याच पिळात दिवस काढते आणि काही महिन्यांत फाटते. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन अंगावर घेऊन, मगच तो आवळायचा. म्हणजे बुशची सरळ स्थिती कोणती हे बुशकडे पाहून ठरत नाही. भरलेली, उभी गाडी ते ठरवते. स्प्रिंगा आणि शॉकअप जोडीने बदलतात त्याचे कारणही असेच आहे. एक नवा आणि एक थकलेला असला तर दोन्ही आपापल्या परीने ठीक असूनही गाडी एका अंगाने बसते आणि ब्रेक लागताच वाकडी ओढते.

या अनुभवाच्या आधाराने दोन्ही पक्षांना काही सांगता येते. नागसेन आणि चंद्रकीर्ती भागांच्या पलीकडे शोधतात आणि काही सापडत नाही असे सांगतात. पण त्यांचा रथ उभा आहे. उभ्या रथाचे भाग मोजता येतात. चालत्या रथात आणखी एक गोष्ट असते: भागांमधली अंतरे, कोन आणि ताण, जे मोजता येतात, बिघडतात आणि पुन्हा बसवता येतात. चंद्रकीर्तीने नाकारलेला आकार ढोबळ होता. ही मापे आकाराहून सूक्ष्म आहेत, आणि ती नाव बदलल्याने बदलत नाहीत. नैयायिकांचे म्हणणे इतके खरे की सबंध गाडी ही काहीतरी खरी गोष्ट आहे. पण ती भागांवर आपोआप येऊन बसलेली वस्तू नाही, म्हणून एका बुशाबरोबर ती मरतही नाही. गाडी तीच राहते कारण तिची मापे कुणीतरी पुन्हा पुन्हा जागेवर आणत असते.

ग्रीकांकडेही असाच वाद होता. थीसिअसचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले, कुजलेल्या फळ्या काढून नव्या घातल्या, आणि ते तेच जहाज का यावर तत्त्वज्ञ भांडत राहिले, असे प्लुटार्कने लिहिले आहे. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्स याने १६५५ मध्ये त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून त्याच क्रमाने जोडल्या तर खरे जहाज कोणते? कोडे चतुर आहे, पण ते फळ्या धडधाकट असल्याचे गृहीत धरते. गॅरेजच्या कोपऱ्यातल्या पिंपात पडलेले बॉल जॉइंट, गळके शॉकअप आणि चिरलेले बुश जमवले तर त्यांच्यातून कुठलीच गाडी उभी राहत नाही, कारण धरून ठेवण्याचे काम त्यांच्याने होईना म्हणूनच ते काढले गेले. जॉन लॉकने सजीवाची एकता त्याच्या चालू जीवनात पाहिली: ओकच्या झाडाचा कण न् कण बदलला तरी एकच जीवन त्या कणांना संघटित ठेवते. गाडीत असे आतून चालणारे जीवन नाही. तिची संघटना बाहेरून, दुसऱ्याच्या हाताने टिकते, आणि त्यामुळे तिच्या एकतेचा प्रश्न जबाबदारीचाही होतो.

कायद्याने आपल्यापुरते उत्तर दिले आहे. मारुती ८०० ला वेगळी चासी नाही, बॉडीचा पत्राच चासीचे काम करतो आणि त्यावर नंबर ठोकलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. इंजिन बदलले तर आरटीओत नोंद करावी लागते. बुश बदलला तर कुणी विचारत नाही. नोंदणीपुरते हे बरोबरच आहे. मिलिंदाने जे कबूल केले होते, व्यवहारातले नाव, ते इथे पत्र्यावर कोरलेले असते. पण नूतनीकरणाच्या वेळी नंबर जुळणे पुरेसे नसते, गाडी रस्त्यावर चालण्याजोगी आहे का हेही पाहिले जाते. नावाला मापाची जोड लागते, हे कायद्यालाही मान्य आहे.

कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे: आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे. तिथे आस किंवा चाक यांचा उल्लेख नाही. रथ ठीक आहे हे धरूनच सगळा उपदेश आहे. पुढे झालेल्या विवेचनांतही लक्ष बहुतेक सारथ्याकडे आणि लगामाकडे राहिले. रथ कोणी जोडला, त्याचे सांधे कोणी पाहिले, हा प्रश्न मागे पडला. ऋग्वेदात मात्र त्याला जागा आहे. ऋभू हे तिथले कारागीर देव. अश्विनांचा रथ त्यांनी घडवला, आणि आपल्या म्हाताऱ्या आईबापांना त्यांनीच पुन्हा तरुण केले. घडवणे आणि जुन्याला पुन्हा उभे करणे ही दोन्ही कामे वैदिक कवींनी एकाच हातांकडे सोपवली, यात मोठी समज आहे.

त्या हातांचे बरेचसे काम कुणाला दिसत नाही. बॉल जॉइंटच्या खाचेच्या नटात घातलेली स्प्लिट पिन हे त्याचे लहानसे उदाहरण. काही रुपयांची तार, पण तिच्यामुळे नट हादऱ्यांनी सुटत नाही. काढलेली पिन सरळ करून पुन्हा वापरता येते, आणि ती कुठे तुटेल हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून नियम असा की दर वेळी नवी घालायची. वरून स्ट्रट उघडताना स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय मधला नट सोडायचा नाही, हाही असाच नियम, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर समोरच्याचा जीव जाऊ शकतो. हे काम नीट केले की नाही हे मालकाला बहुधा कधीच कळत नाही. कळले तर ते वरंधा किंवा कशेडी घाटाच्या एखाद्या वळणावर कळते, आणि तिथे समोरून येणाऱ्या दुचाकीवरच्या माणसाचाही त्यात वाटा असतो, ज्याने हा व्यवहार कधी केलेला नसतो. दुरुस्तीची नीती इथून सुरू होते. गाडी 'तीच' आहे असे म्हणणे हे तिच्याबद्दलचे एक आश्वासन आहे, आणि ते मालक व मेकॅनिक या दोघांनी रस्त्यावरच्या सगळ्यांना दिलेले असते.

मग गाडी संपते केव्हा? इंजिन बसल्याने नाही, तेही बदलता येते. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने स्ट्रटच्या बुरुजाचा पत्रा आतून गंजतो, किंवा लोअर आर्म जिथे बॉडीला मिळतो तो कंस सडतो. पत्र्याचे ठिगळ लावून वेल्डिंग करता येते, आणि जोडाची जागा सरकली नाही तर गाडी आणखी काही वर्षे काढते. पण बुरुज एकदा सरकला की स्ट्रटचा कल बदलतो आणि नवे बुश, नवे बॉल जॉइंट, नवा रॅक घालूनही यंत्रावरचे आकडे जमत नाहीत. टो लावला तरी कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बिघडलेलाच राहतो. या गाडीत तो फारसा जुळवताही येत नाही. अशा गाडीचे इंजिन एका झटक्यात सुरू होते, चासी नंबर स्वच्छ वाचता येतो, आरसीवर मालकाचे नाव असते. तरीही जबाबदार मेकॅनिक ती हातात घेत नाही आणि नोंदणी रद्द करायला सांगतो. तिच्यात नुकतेच घातलेले, अजून चांगले असलेले टाय रॉड आणि शॉकअप दुसऱ्या एखाद्या आठशेला लागतात. तिथे आटे पहिल्यापासून मोजले जातात आणि टो त्या गाडीच्या मापाने लावला जातो.